मेस्त्रींचा उजवा डोळा आणि माझं प्रॉम्प्टिंग

पेडणे, डिचोली आणि आजूबाजूच्या समस्त जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने आयुष्यात एकदा एका सज्जन माणसाचा उजवा डोळा घालवण्याचा प्रयत्न केला. हा प्रयत्न भरदिवसा, कामाच्या वेळेत, पूर्ण शुद्धीत आणि अत्यंत चांगल्या हेतूने झाला. त्यात लेखकाला अपयश आले. या अपयशाबद्दल तो खाणीवरच्या तेव्हाच्या डॉक्टरांचा आजन्म ऋणी आहे, जरी डॉक्टरांनी त्या दिवशी त्याला खिडकीतून जे ऐकवले ते छापण्याजोगे नाही.

झालं. कबुलीजबाब दिला. आता सैल बसून सांगतो.

गोवा मुक्त होऊन पंचवीसेक वर्षं झाली होती. मी पेडण्याकडचा, पण पोटासाठी डिचोलीतल्या पाळी गावाला, एका लोखंडाच्या खाणीच्या वर्कशॉपात स्टोअर सांभाळत होतो. स्टोअर म्हणजे पत्र्याची एक खोली, तिला एक खिडकी आणि खिडकीत मी. नट, बोल्ट, पाने, छिन्न्या, ग्रीसचे डबे सगळं माझ्याकडून सहीवर बाहेर जायचं आणि स्वतःच्या सवडीनं परत यायचं. पाळीत तेव्हा पांढरा शर्ट ही निव्वळ कल्पना होती. सकाळी कोणत्याही रंगाचा माणूस आत येऊ दे, दुपारपर्यंत साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे एकाच तांबड्या रंगाचे झालेले असत. इतकी समता मी पुढे कुठेच पाहिली नाही.

स्टोअरकीपर ही मात्र माझी पोटापुरती ओळख. माझी खरी ओळख म्हणजे मी प्रॉम्प्टर होतो. आमच्या भागात देवळाचा उत्सव असो की वर्कशॉपातला वर्षाचा सत्यनारायण, नाटक झाल्याशिवाय प्रसाद पचत नाही. आणि नट सगळे कामावरचे. दिवसभर डंपरखाली उताणा पडलेला माणूस संवाद कधी पाठ करणार? म्हणून आमच्याकडे प्रत्येक नाटक दोनदा व्हायचं, एकदा विंगेत हळू आवाजात आणि लगेच स्टेजवर मोठ्यानं. विंगेतलं नाटक माझं. त्या कलेचा नियम एकच, नट थांबला की पुढचं वाक्य द्यायचं. तो का थांबला, हे विचारायचं नाही.

माझा लाडका नट म्हणजे मेस्त्री. वर्कशॉपातला सगळ्यांत जाणता मेकॅनिक, दोडामार्गाकडचा, चाळिशीतला गडी, आवाज तोफेसारखा आणि पाठांतर शून्य. दरवर्षी राजाचं काम तेच करायचे, कारण सिंहासनावर बसून बोलायचं असलं की विंग जवळ पडते. मी कुजबुजायचो, "प्रधानजी, आमचे मन आज उद्विग्न आहे." मेस्त्री ते असं गर्जून सांगायचे की पुढच्या रांगेतली मुलं रडायला लागायची.

आता डोळ्यांकडे येतो.

डोळ्यांच्या रक्षणासाठी कंपनीकडून गॉगल यायचे. ते मी सहीवर वाटायचो आणि त्यानंतर ते वर्कशॉपात दिसायचे नाहीत. दिसायचे ते म्हापशाच्या रस्त्यावर, मोटरसायकलींवर. एक वेल्डर काळा गॉगल लावून मुलगी बघायला गेला, तर मुलीकडच्यांनी त्याला आंधळा समजून हात धरून पायऱ्या चढवल्या. लग्न जमलं, हा भाग वेगळा. ग्राइंडरवाल्यांसाठी साध्या पारदर्शक काचेचे गॉगल होते. त्यातला एक मला विहिरीत सापडला, म्हणजे विहिरीत बुड्या मारणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर.

मी एकदा जाब विचारला, तर मेस्त्री माझ्या खिडकीत कोपर टेकून म्हणाले, "ओ स्टोर, एकदा स्वतः घालून बघ मरे. घामान काचेर वाफ धरता, वाफेर तांबडी धूळ बसता. मगे घण खंय नि आपलो हात खंय, ता कळणा नाय. डोळे सांभाळूचे काय बोटां?"

मी घालून बघितला. दहा मिनिटांत मला माझंच स्टोअर सापडेना. तेव्हापासून मी सही घेऊन गप्प बसू लागलो.

त्यामुळे डोळ्यांची दुखणी भरपूर आणि त्यांवरची आमची वैद्यकी त्याहून भरपूर. वेल्डिंगच्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी बघितलं की संध्याकाळी डोळ्यात मूठभर वाळू भरल्यासारखं होतं. त्यावर बटाट्याचे काप. सहा वेल्डर फणसाखाली डोळ्यांवर बटाटे ठेवून ओळीनं उताणे पडलेले दिसले की नवा माणूस देवाचं नाव घ्यायचा. बटाट्यानं उतार नाही पडला तर बाळंतिणीचं दूध. वॉचमनच्या बायकोला त्या वर्षी मुलगा झाला होता. वेल्डर वाट्या घेऊन तिच्या दाराशी. आठ दिवस तिनं धर्म केला. नवव्या दिवशी दारातूनच ओरडली, "चला, जावा थंयसून! माज्या पोराच्या तोंडचा सगळा तुमच्या डोळ्यांत! पोराक काय आता मी बटाटो देव?"

डोळ्यात गेलेला कण काढण्याचं खातं मेस्त्रींकडे. पद्धत ठरलेली. रुग्णाला उलट्या डब्यावर बसवायचं, मान मागे, पापणी आगपेटीच्या काडीवर गुंडाळून उलटी करायची, रुमालाचं टोक जिभेवर फिरवून टोकदार करायचं, आणि "वर बघ, तुजो सासरो येता" असं म्हणून एका झटक्यात कण बाहेर. शेजारच्या खाणींवरूनही माणसं यायची. डिस्पेन्सरीत दर बुधवारी खरे डॉक्टर यायचे, म्हापशाचे, चष्मेवाले, शांत स्वभावाचे; पण बुधवारपर्यंत थांबणार कोण? या सगळ्या उपचारांतून ज्यांचे डोळे बरे झाले, ते डोळ्यांच्या स्वतःच्या चांगुलपणामुळे, असं आता मला वाटतं.

तर अशा या माणसाच्या स्वतःच्या डोळ्यात कण गेला.

पावसाळा होता. पावसात खाण बंद, म्हणून सगळी यंत्रं उघडून दुरुस्तीला पसरलेली. मेस्त्री एका डोझरच्या साखळीत अडकलेली पिन छिन्नी लावून घणानं ठोकत होते. छिन्नी माझ्याच स्टोअरमधली. तिचं डोकं ठोकून ठोकून अळंबीसारखं पसरलं होतं आणि कडांना चिरा गेल्या होत्या. अशी छिन्नी परत आली की तिचं डोकं घासून सरळ करायचं आणि मगच पुढे द्यायची, असा नियम होता. तो माझ्याच खिडकीवर लावलेला होता. मी त्यावर छत्री अडकवायचो.

टण्ण असा आवाज आला आणि मेस्त्रींनी हात डोळ्यावर नेला.

ज्यांचे ज्यांचे कण त्यांनी आजवर काढले होते, ते सगळे ऋण फेडायला काड्या घेऊन धावले. मेस्त्री डब्यावर बसले. पापणी उलटी झाली, सुलटी झाली, सासऱ्याचं नाव पाच जणांनी घेतलं. कण कुणालाच दिसेना. थोडं पाणी आलं, थोडी लाली आली. "गेलो आसतलो," मेस्त्री म्हणाले आणि पिन ठोकायला परत गेले.

तो गेला नव्हता. बुबुळाच्या कडेनं, सुईच्या भोकाएवढी वाट करून, तो सरळ आत जाऊन बसला होता. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आमचं सगळं शास्त्र डोळ्याच्या बाहेरच्या बाजूचं होतं.

दोनेक आठवडे गेले. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली. त्याच सुमारास बातमी आली की चवथीनंतर खाण सुरू होताना खनिज उपसायचा नवा मोठा शॉव्हेल येणार, आणि तो चालवायला मेस्त्रींना कायम करणार. बारा वर्षं रोजावर काढलेल्या माणसाला कायम करणार! वर्कशॉपात पेढे वाटायचंच काय ते बाकी राहिलं. अट एकच, ऑपरेटरला डॉक्टरांचा दाखला लागतो. एका एका डोळ्यानं अक्षरं वाचून दाखवायची.

त्या दुपारी मी हुमण-भाताचा, म्हणजे माशाच्या आमटी-भाताचा, डबा उघडून बसलो होतो. मेस्त्री माझ्या खिडकीशी आले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. त्यांचा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. आधी मला वाटलं मागे दुसरं कुणीतरी उभं आहे.

"स्टोर, उजव्या डोळ्यान माका समदा ताकासारखा दिसता."

"म्हणजे?"

"म्हणजे ताकात बुडी मारून बघल्यासारख्या. तू थंय बसलं आसंय इतक्या कळता. जेवतंय काय रडतंय ता कळणा नाय."

"मग डॉक्टरांना सांगूया. बुधवारी."

"सांगलंय की शॉव्हेल गेलो," मेस्त्री म्हणाले. "काणो ऑपरेटर कोण ठेवतलो? माका घराक धाडतले. एकदा कायम होव दी. मगे डोळ्याचा काय ता बघू."

त्या वेळी मला हे बोलणं अगदी शहाणपणाचं वाटलं. नोकरी आज आहे, डोळे काय, उद्याही दोनच असणार. माझं वय पंचवीस होतं, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

नेमका त्याच आठवड्यात माझ्या स्टोअरमध्ये एक लांब नळकांडं आलं. त्यात गुंडाळलेला नवाकोरा तक्ता, मराठी अक्षरांचा, वर एक ढब्बू अक्षर आणि खाली खाली बारीक होत गेलेली. डिस्पेन्सरीसाठी. दुसऱ्या दिवशी पोचवायचा होता.

"मेस्त्री," मी म्हणालो, "हा पाठ करा."

मेस्त्रींनी माझ्याकडे डाव्या डोळ्यानं बघितलं. "मी? पाठ?"

मग आम्ही दोघंही एकाच वेळी हसलो, कारण दोघांच्याही डोक्यात एकच गोष्ट आली होती. पाठ करायची गरज काय? मी होतो ना.

मी नाटकाच्या वहीत तक्ता उतरवून घेतला. प्रॉम्प्टरची वही म्हणजे चोख काम. जे समोर छापलं आहे ते सगळं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत. त्यात आपली अक्कल चालवायची नसते.

बुधवार उजाडला. डिस्पेन्सरी ही एक लांबट खोली. पलीकडच्या भिंतीवर तक्ता, अलीकडच्या भिंतीशी स्टूल आणि स्टुलाच्या पाठीमागे जनेल, म्हणजे आमच्याकडची खिडकी. जनेलाबाहेर तेरड्याची झुडपं आणि तेरड्यात मी, उकिडवा, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात वही. बारीक पाऊस चालू होता. तो छत्रीवर टपटपायचा, म्हणून मला आवाज जरा चढवावा लागणार होता. बाकी सगळे फिटर, वेल्डर समोरच्या शेडमध्ये उभे राहून काम करत असल्याचा अभिनय करत होते. तोही वाईटच.

डावा डोळा मेस्त्रींनी स्वतःच्या हिमतीवर वाचला.

"आता उजवा," डॉक्टरांचा आवाज आला. "डावा झाका. वरची ओळ?"

"ग," मी म्हणालो.

"ग!" मेस्त्री गर्जले. साधा 'ग' नव्हता तो. शत्रूनं वेढा दिलेल्या राजानं गडावरून उच्चारलेला 'ग' होता.

"दुसरी?"

"प, र."

"प!" मेस्त्री म्हणाले, मग एक मोठा श्वास, आणि पुत्रवियोगानं खचल्यासारखं, "...र."

"तिसरी?"

"म, ब, स."

तिसऱ्या ओळीत वीररस होता, चौथीत थोडा शृंगारही डोकावला. पाचवी, सहावी. अक्षरं बारीक होत गेली तसे मेस्त्री मोठे होत गेले. सातवी ओळ ही शेवटची. ती संपवून मेस्त्री थांबले. आता मला माहीत आहे की ते टाळीसाठी थांबले होते. अंक संपला की नट थांबतोच. पण मी तेरड्यात होतो. मला नट थांबल्याचं तेवढं कळलं आणि मी धर्माला जागलो. वहीत पुढे जे होतं ते दिलं.

आणि मेस्त्रींनी, खोली दणाणून सोडत, ते म्हटलं:

"सर्व हक्क राखून ठेवले आहेत! या तक्त्याची नक्कल करण्यास सक्त मनाई आहे!"

मग डॉक्टरांच्या चपलांचा आवाज तक्त्याकडे गेला. थोड्या वेळानं तिथूनच ते म्हणाले, "खरंच आहे की. अगदी तळाला, कोपऱ्यात. मेस्त्री, मला हे भिंतीला नाक लावून जेमतेम वाचता आलं. तुम्ही वीस फुटांवरून वाचलंत."

"सवय आसा, डाक्टरानू," मेस्त्री विनयानं म्हणाले.

"वा. मग आता एकच शेवटचं. ही बोटं किती?"

बोटं! बोटं वहीत नव्हती. आणि डॉक्टरांनी ती वर केली आहेत हे तेरड्यातून मला दिसणार कसं? मला फक्त एवढंच कळत होतं की मेस्त्री पुन्हा थांबले आहेत. मला वाटलं, शेवटचं वाक्य पावसामुळे त्यांना नीट ऐकू गेलं नसावं. मी छत्री बाजूला केली आणि चांगलं मोठ्यानं दिलं, "सक्त मनाई आहे!"

"ता झाला मरे!" मेस्त्री खांद्यावरून मागे वळून ओरडले. "फुडला सांग, फुडला!"

शेडमध्ये कुणाच्या तरी हातून पाना पडला.

जनेलात डॉक्टरांचं डोकं आलं. त्यांनी खाली बघितलं. मी वर बघितलं. पाऊस माझ्या वहीवर पडत होता आणि निळी शाई माझ्या कोपरापर्यंत ओघळली होती.

"आपण कोण?"

"स्टोअर," मी म्हणालो.

"तिसऱ्या अक्षरापासून ऐकतोय मी तुम्हाला," डॉक्टर म्हणाले. "माझ्या गावच्या उत्सवातही प्रॉम्प्टर आहे. त्याचा आवाज तुमच्यापेक्षा बरा आहे. नाटक कुठवर जातं ते बघावं म्हणून गप्प बसलो." असं म्हणून ते आत वळले आणि मेस्त्रींच्या डोळ्यात टॉर्च धरून, भिंग लावून, वाकून बघू लागले.

खूप वेळ बघत राहिले. इतका वेळ की शेडमधला अभिनयही बंद पडला.

"मेस्त्री, कधी ठोकताना काही उडालं होतं?"

"तीन आठवडे झाले. गेला ता."

"गेलं नाही. आत आहे. लोखंडाचं आहे आणि आत बसून गंजतंय. आजच्या आज पणजीला इस्पितळात गेलात तर डोळा वाचायची आशा आहे. महिनाभर थांबलात तर नाही."

"आणि शॉव्हेल?"

"शॉव्हेल दिसला पाहिजे ना आधी?"

मग डॉक्टर पुन्हा जनेलात आले आणि मला ते सगळं बोलले जे मी छापणार नाही असं वर म्हटलं आहे. त्यातलं एकच वाक्य छापण्यासारखं आहे. ते ओरडून नाही, अगदी हळू म्हणाले. "तुला कळलं का, तू त्याला पास केला असतास. दाखला घेऊन तो हसत हसत बाहेर पडला असता आणि दिवाळीपर्यंत त्याचा डोळा गेला असता."

मी तेरड्यातून उठलो. पाय बधिर झाले होते, म्हणून परत बसलो.

पण मेस्त्री पणजीला जायला तयार होईनात. "डोळ्याक सुरी लावतले," हे एकच पालुपद. शत्रूच्या तोफांपुढे छाती काढणारा आमचा राजा डिस्पेन्सरीच्या स्टुलाला दोन्ही हातांनी धरून बसला. बुधवार गेला. गुरुवारी डॉक्टर मुद्दाम म्हापशाहून आले, तरी तो हलला नाही. डॉक्टरांनी दाखल्याचा कागद कोरा ठेवला आणि माझ्यासाठी शिक्षा सुनावली. "याच्या बायकोला सांगायचं. आणि ते तू सांगायचंस."

ती दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात माल विकायला बसायची. चवथीच्या आधीचा शुक्रवार म्हणजे बाजारात पाय ठेवायला जागा नाही. गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी रानातली फळं, घोस, वेली, सगळ्यांचे ढीग. मी बायकांच्या टोपल्या ओलांडत तिच्यापर्यंत पोचलो.

"वयनी," मी म्हणालो, "जरा बोलायचं होतं."

"आधी घे काय ता, मगे बोल. मागचे लोक थांबलेत."

मी नको असलेल्या कांगल्यांचा, म्हणजे माटोळीच्या रानफळांचा, एक घोस घेतला आणि तो हातात धरून सगळं सांगितलं. छिन्नी, ताक, तक्ता, तेरडा. मधे काही गाळलं नाही. ती ऐकत होती आणि तिचे हात गिऱ्हाइकाला पुडी बांधत होते. पुडी बांधून झाली. तिनं ती गिऱ्हाइकाच्या हातात न देता माझ्या छातीवर मारली.

"तीन आठवडे!" ती म्हणाली. "तीन आठवडे तो माज्याकडे तिरको बगता! मी बोलतंय तर तोंड थंय फिरयता! माका वाटला, पाळीक कोणतरी गावली तेका! मी देवाक नारळ बोललंय!"

"तसं काही नाही, वयनी. डाव्या डोळ्यानं बघायचे, म्हणून मान वळवायचे."

"मेल्या, ता माका आता कळला!" आणि मग ती एकदम खाली बसली, पदर तोंडावर धरला. रडते की हसते ते मला कळेना. बहुधा तिलाही कळत नव्हतं. दोन मिनिटांनी उठली, ढीग शेजारणीच्या हवाली केला आणि विचारलं, "डिचोलीची गाडी खंय लागता?"

वर्कशॉपात ती आली तेव्हा मेस्त्री डंपरखाली होते. तिनं त्यांना हाक मारली नाही. नुसते त्यांचे दोन पाय धरले आणि ओढले. संध्याकाळच्या आत आम्ही तिघं पणजीला होतो.

नोकरीचं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, नाहीतर शेवटी कुणीतरी मधेच विचारेल. शॉव्हेल मेस्त्रींना मिळाला नाही. तो दुसऱ्याला गेला. पण डॉक्टर खाणीच्या साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन बसले, दार लावून, बराच वेळ. आणि मेस्त्रींना वर्कशॉपात हत्यारांवरचा मुकादम म्हणून कायम केलं. त्यांनी पहिल्याच दिवशी काय केलं असेल? माझ्या खिडकीवरची छत्री काढली आणि स्टोअरमधल्या प्रत्येक छिन्नीचं डोकं माझ्याकडून घासून घेतलं, माझ्या डोळ्यांवर गॉगल चढवून. वाफ धरली की पुसायला स्वतःचा रुमाल द्यायचे. टोक जिभेवर फिरवलेला.

पण हे नंतरचं. आधी पणजीचं.

तिथल्या डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांनी मोठा लोहचुंबक लावून तो कण बाहेर काढला. कण एका बाटलीत घालून वयनीच्या हातात दिला. तिनं बाटली खिडकीच्या उजेडात धरली, फिरवली, उलटी केली. "खंय आसा?" नर्सनं दाखवला. नाचणीच्या दाण्याहूनही लहान. वयनीला तो अपमान वाटला. "ह्या? ह्या इतक्याशा?" ती नवऱ्याच्या पट्टी बांधलेल्या तोंडाकडे बघून म्हणाली. "बारा वर्षां लोकांचे कण काढता, नि स्वतःचो इतकोसो संबाळूक गावलो नाय!"

चवथ त्यांची इस्पितळात गेली. गावच्या गणपतीला वयनीच्या दिरानं हात जोडले. मेस्त्री पाठीवर सपाट पडून होते, मान हलवायची नाही, खोकायचं नाही, आणि मोठ्यानं बोलायचं नाही. हे शेवटचं त्यांना सगळ्यांत जड गेलं. मी रजा टाकून रोज जायचो. डोळा दिसणार की नाही, हे कुणीच सांगत नव्हतं. मोठे डॉक्टर फक्त म्हणायचे, "बघू." इतकी माणसं इतक्या दिवसांत इतक्या वेळा 'बघू' म्हणाली की मला त्या शब्दाची भीती बसली. आणि मी? बाहेरच्या बाकावर बसून मी ती छिन्नी मनातल्या मनात घासत असे.

पट्टी काढायचा दिवस आला. दुपार होती. जेवणाची वेळ टळून गेली होती, तरी वयनी सकाळपासून पाण्यावर. मोठे डॉक्टर आले. उंच, गंभीर माणूस, पांढरा कोट कडक इस्त्रीचा, जाड काचांचा चष्मा. त्यांच्यामागे दोन शिकाऊ डॉक्टर, त्यांच्यामागे नर्स. देवाची पालखी आल्यासारखा वॉर्ड गप्प झाला.

नर्सनं पट्टी सोडली. एक फेर, दुसरा फेर, मग कापूस. मेस्त्रींची पापणी चिकटलेली होती, ती कोमट पाण्यानं पुसली. डॉक्टरांनी स्वतःच्या तळहातानं त्यांचा डावा डोळा झाकला, वाकले, आपलं तोंड त्यांच्या तोंडाजवळ नेलं.

"उघडा. सावकाश."

मेस्त्रींनी उजवा डोळा उघडला. लाल, ओला, बिचकलेला.

"काय दिसतं?"

"उजेड."

"आणखी?"

"कोणतरी आसा."

"कोण? नीट बघा. घाई नको."

मेस्त्री बघत राहिले. वयनीनं माझं मनगट धरलं होतं आणि तिच्या बांगड्या माझ्या हाडात रुतत होत्या. शिकाऊ डॉक्टरांपैकी एकानं मान खाली घातली. मी ओठ दातांत धरले, कारण मला काहीतरी, काहीही, बोलून टाकावंसं वाटत होतं आणि त्या क्षणी बोलण्याचा हक्क जगात फक्त एकाच माणसाला होता.

मेस्त्रींच्या कपाळाला आठी पडली. ती आणखी खोल झाली. त्यांनी मान उशीवरून किंचित वर उचलली, जी उचलायला सक्त बंदी होती, डोळा बारीक केला आणि दहा दिवस दाबून ठेवलेल्या त्या तोफेच्या आवाजात, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं, म्हणाले:

"डाक्टरानू, तुमच्या चष्म्यार हुमणाचो थेंब सुकलो हा!"